न दिलेल्या मदतीचा दाखला

आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं, ही तळटीपकाकांची जुनी खोड. गाद्या विकणाऱ्या कंपनीने छापील पत्र पाठवलं, तरी ते ‘आपला आभारी आहे, मात्र आमच्याकडे गाद्या आहेत’ असं सुवाच्य अक्षरात कळवत. बायको म्हणायची, “उद्या विजेच्या बिलालाही उत्तर धाडाल.” असं असताना एक पत्र मात्र तीन आठवडे टेबलावरच्या काचेखाली पालथं पडून होतं. पालथं अशासाठी, की येता-जाता त्यातलं अक्षर नजरेला पडू नये.

पत्र एका मुलीचं होतं. जनावरांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला शिकत होती. पत्रात विनवण्या नव्हत्या, ‘आपल्या कृपेने’ नव्हतं, काही नव्हतं. लिहिलं होतं एवढंच: ‘आपल्या समितीने मला तीस हजारांची मदत जाहीर केली. ती मला मिळालेली नाही. ती मी मागतही नाही. फक्त ती दिलेली नाही, एवढं समितीने बँकेला लिहून कळवावं.’

समिती म्हणजे गुणवंत विद्यार्थी साहाय्य समिती. तळटीपकाका तिचे कार्यवाह, म्हणजे पत्रं लिहिणारे, खुर्च्या मोजणारे आणि फोटोच्या वेळी कडेला उभे राहणारे. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून हे पद घेतलं. गावात आपली चौकशी करणारं तेवढंच एक ठिकाण उरलं होतं. बैठकीत सगळ्यांचं बोलून झालं की ते खालच्या पट्टीत “पण एक आहे...” असं सुरू करत, आणि ते काय आहे हे ऐकायच्या आत चहा येई. त्यावरून अध्यक्षांनी त्यांचं नाव तळटीप ठेवलं. नाव इतकं चिकटलं, की खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर राहिलं.

या समितीची एक रीत होती. वार्षिक समारंभात गावातले प्रतिष्ठित लोक व्यासपीठावर येऊन देणग्या जाहीर करत. टाळ्या पडत. त्या टाळ्यांच्या जोरावर समिती लगेच विद्यार्थ्यांना मदत जाहीर करी. पुन्हा टाळ्या. मग दाराच्या फळीएवढा पुठ्ठ्याचा चेक बाहेर काढला जाई. त्यावर तीस हजारांचा आकडा कायमचा छापलेला होता. नावाची पट्टी तेवढी दर फोटोला बदलायची. चिकटवण्याचं काम अर्थातच तळटीपकाकांकडे. समारंभ संपला की देणगीदार म्हणत, “बघू, जरा बाजार सुधारू दे.” आणि समिती विद्यार्थ्यांना म्हणे, “बघू, जरा देणग्या जमू देत.” बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण जेवून उठल्यासारखे ढेकर मात्र खरे. अध्यक्षांच्या ओळखीतल्या एखाद्या मुलाला थोडंफार मिळे. बाकीच्यांना फोटो मिळे, तोही प्रत हवी असेल तर पैसे भरून.

मुलं काही दिवस चकरा मारत, मग नाद सोडून देत. त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. या समितीवर देणाऱ्यांनी कधी विश्वास ठेवला नव्हता, घेणाऱ्यांनी ठेवला नव्हता, अध्यक्षांनी तर मुळीच नव्हता. यंदा तो ठेवला बँकेने.

मुलीचं शिक्षण कर्जावर चाललं होतं. बँकेचा नियम असा, की बाहेरून जेवढी मदत मिळेल, तेवढी कर्जातून वजा. कर्ज खात्यातल्या बाई कर्तव्यदक्ष होत्या आणि दुर्दैवाने स्थानिक वर्तमानपत्र वाचत होत्या. चौथ्या पानावरचा फोटो त्यांनी कात्रीने नीट कापला, मुलीच्या फाईलला लावला आणि कर्जाच्या पुढच्या हप्त्यातून तीस हजार उडवले.

तळटीपकाकांनी पत्र आलं त्याच आठवड्यात ते बैठकीत वाचून दाखवलं होतं. बैठक अध्यक्षांच्या दुकानात भरायची. अध्यक्ष न्हाणीघराचं सामान विकत. मागच्या दालनात नमुन्याचे टब, बेसिनं आणि कमोड ओळीने मांडलेले. भिंतीवर पन्नास तऱ्हांचे चकचकीत नळ, आणि एकाच्याही मागे पाइप नाही. समितीला याहून शोभेलशी जागा गावात सापडली नसती, असं तळटीपकाकांना दर वेळी वाटे. ते बोलून दाखवायची छाती मात्र कधी झाली नाही.

“म्हणजे तिला पैसे नकोत?” अध्यक्षांनी विचारलं.

“नकोत. दिले नाहीत, असं लिहून हवंय.”

“म्हणजे आपण खोटे?”

“तसं नव्हे. पण दिलेले नाहीत, हे तर...”

“तळटीप, तुम्ही शब्दांत फार अडकता बुवा. जाहीर केले ना आपण? माणसाने चारचौघांत जाहीर करणं म्हणजे निम्मं देणंच झालं.”

“निम्म्याहून जास्त,” खजिनदार म्हणाले. खजिनदार चष्म्यांचे व्यापारी. अध्यक्षांचं वाक्य संपलं की त्याला काच बसवायचं काम त्यांचं. “पोरांचं मनोबल वाढतं. मनोबलाची किंमत करता येते का?”

बँकेने केली होती की, बरोबर तीस हजार. पण हे उत्तर तळटीपकाकांना घरी पोचून पायातले बूट काढताना सुचलं. त्यांना सगळीच उत्तरं बूट काढताना सुचत.

“पण एक आहे,” बैठकीत ते म्हणाले होते, “तिचा हप्ता...”

“हे बघा,” अध्यक्ष म्हणाले, “आज हिला लिहून दिलंत की उद्या आणखी चार उभे राहतील. आम्हालाही दिलं नाही असं लिहून द्या. परवा पाच वर्षांपूर्वीचे येतील. आपल्याच कागदावर, आपल्याच शिक्क्याने आपलीच अब्रू वेशीला टांगायची? दुकान बंद करावं लागेल.”

कुठलं दुकान, हे कुणी विचारलं नाही.

“मग उत्तर काय देऊ?”

“देऊच नका. उत्तर न देणं हेही एक उत्तरच असतं,” खजिनदार म्हणाले, आणि आपल्याच वाक्यावर खूश होऊन त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते मोडून कपात पडलं. ते त्यांनी बोटाने काढून खाल्लं.

या माणसांचा तिटकारा तळटीपकाकांना होताच, पण त्याचं ते काय करणार? लोक राग आला की भांडतात. तळटीपकाका पुस्तक उघडत. शिवाय त्यांना स्वतःविषयीही फारसा आदर नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारे निदान उंटावर तरी बसलेले असतात. आपण त्या उंटाची शेपूट धरून चालणारे, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं.

अन् एके दिवशी दुपारी ती मुलगीच घरी आली. 

उंच, हडकुळी, एका बाहीला गोलसर भोक पडलेलं. तळटीपकाका त्या भोकाकडे बघताहेत हे पाहून ती म्हणाली, “शेळीने खाल्ली. प्रॅक्टिकल होतं.” आणि न सांगता खुर्चीवर बसली. “काका, मी पत्र पाठवलं होतं.”

“मिळालं. मिळालं की. अक्षर छान आहे तुझं.”

“अक्षर दाखवायला नव्हतं पाठवलं.”

काकूंनी आतून पाणी आणलं आणि परत न जाता दाराला टेकून उभ्या राहिल्या.

“मी पासबुक दाखवलं बँकेत,” मुलगी म्हणाली. “आईचंही दाखवलं. बाई म्हणतात, रोख मिळाले असतील. मिळाले नाहीत याचा पुरावा आणा. आता न मिळालेल्या पैशांची पावती कुठून आणू मी? आई म्हणते, तो पुठ्ठ्याचा चेकच घेऊन जा आणि खात्यावर भर. दोघीतिघींनी धरला तर जाईल दारातून.”

काकू हसल्या. तळटीपकाकांना हसावं की नाही हे ठरवता आलं नाही.

“आई काय करते?”

“हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आहे. चादरींच्या घड्या घालते. तिच्या पगारावर आणखी कर्ज बसत नाही, तेही विचारून झालं. महिनाअखेरीला फी भरायचीय. नाही भरली तर परीक्षेला बसता येत नाही, वर्ष गेलं की बँक पुढचं कर्ज थांबवते. मग मला घड्या घालायला बसवतील. वाईट काम नाही ते. पण मला गाईच्या पोटात वासरू आडवं आलं तर ते वळवायला शिकायचंय, आणि ते मला येतं. आमचे सर म्हणतात, हात चांगला आहे.”

“समितीपुढे विषय मांडला होता मी. निर्णय अजून...”

“बाई म्हणाल्या, समितीचा निर्णय नको. कार्यवाहाची सही आणि शिक्का असला की पुरे. फक्त पत्र समितीकडून थेट टपालाने यायला पाहिजे. माझ्या हातून नको. माझ्या हातचं काही चालत नाही तिथे.”

कार्यवाहाची सही पुरे, हे तळटीपकाकांना नवीन होतं. आपल्या सहीने जगात काही घडू शकतं, असा प्रसंग त्यांच्यावर फार वर्षांत आला नव्हता.

“बघतो मी,” ते म्हणाले.

“बघून झालंय सगळ्यांचं, काका.” ती उठली. “फोटोत मी आहे, अध्यक्ष आहेत, तुम्हीपण आहात. चेकच्या मागे. अर्धेच दिसता.”

ती गेल्यावर काकूंनी पेला उचलला. “पोरगी वळणाची आहे. माझ्या तोंडून याहून वाईट निघालं असतं.”

“तुझ्या तोंडून निघतंच.”

“मग उपयोग काय होतो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिहायला बसले. पहिला मसुदा ‘अत्यंत खेदपूर्वक’पासून सुरू झाला आणि दीड पान झालं तरी मुद्द्यावर आला नाही. दुसऱ्यात समितीचा इतिहास होता. तिसऱ्यात ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ असं आलं, तेव्हा त्यांना स्वतःचीच किळस आली. कसलं अपरिहार्य? पैसे न देण्याइतकं टाळता येण्यासारखं दुसरं काय असतं?

काकूंनी खांद्यावरून वाकून वाचलं. “अहो, तिला तुमचं दुःख नकोय. कागद हवाय.”

चौथा मसुदा तीन ओळींचा झाला. तो तसाच पाठवला असता तर बरं होतं. पण चोरून काही करायचं नाही, हा तळटीपकाकांचा बाणा. काकूंच्या मते भित्रेपणाला घातलेली ती इस्त्री होती. ते मसुदा खिशात घालून अध्यक्षांकडे सांगायला गेले.

अध्यक्ष एका जोडप्याला कमोड दाखवत होते. “यावर बसलात ना, की उठावंसं वाटणार नाही,” असं सांगून त्यांनी नवऱ्याला खरोखरच बसायला लावलं, आणि तेवढ्या वेळात तळटीपकाकांना बाजूला घेतलं. मसुदा वाचला. तळटीपकाकांना वाटलं, आता तोफ सुटणार. पण अध्यक्ष चक्क मऊ झाले.

“तुमचं म्हणणं बरोबर आहे. पोरीचं नुकसान होता कामा नये. देऊन टाकू तिला.”

“तीस हजार?” तळटीपकाकांचा विश्वास बसेना.

“एक हजार. आजच. पहिला हप्ता म्हणा. राहिलेले सोयीने देऊ.” त्यांनी तळटीपकाकांच्या पाठीवर थाप मारली. “मग दिलेच नाहीत असं कसं लिहिणार तुम्ही? खोटं तर तुम्ही लिहीत नाही. आणि बँकेला आपणच कळवू, की मदत सुरू झालेली आहे. भानगडच मिटली. खजिनदार दुपारी चेक घेऊन येतील, दोन सह्या लागतात, तेवढी तुमची करून द्या. उद्या सकाळी तिला बोलावून एक फोटो काढू.”

तिकडे कमोडवर बसलेला गृहस्थ म्हणाला, “थोडा उंच आहे हो.”

“सवय होते,” अध्यक्ष म्हणाले.

रस्त्याने परतताना तळटीपकाकांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. हा माणूस मूर्ख आहे, असं ते इतकी वर्षं समजत आले होते. मूर्ख माणसाला एवढं सुचत नाही. एक हजार टाकून तीस हजारांचं खोटं खरं करून घ्यायचं, पोरीच्या गळ्यात फास घालायचा आणि वर तिने हसून फोटोला उभं राहायचं. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणारे पुष्कळ असतात. हा दुसऱ्याच्या कर्जावर उदार झाला होता. आणि या साऱ्यासाठी त्याला लागत होती एक सही. ती करणारा माणूस नाही म्हणणार नाही, याची त्याला इतकी खात्री होती, की त्याने विचारलंही नव्हतं. नुसतं सांगितलं होतं.

हे शेवटचं त्यांना फार लागलं. घरी पोचेपर्यंत तेच लागत राहिलं. 

त्यांनी पत्र चांगल्या कागदावर उतरवलं. समितीचं नाव वर छापलेलं होतंच. ‘आमच्या समितीने सदर विद्यार्थिनीस तीस हजारांची मदत जाहीर केली होती. आजतागायत तिला एक पैसाही दिलेला नाही. यापुढे दिला जाईल असे मानण्यास मला कोणतेही कारण दिसत नाही.’ शेवटचं वाक्य जरा जास्त होतंय का, असं वाटून त्यांनी लेखणी उचलली. मग तसंच राहू दिलं. खाली सही केली, शिक्का मारला. शिक्का उलटा तर पडला नाही ना, हे दोनदा पाहिलं.

खजिनदार आले ते ताजे टवटवीत. चेकवर त्यांची सही झालेली होती. 

“इथे करा,” ते म्हणाले.

तळटीपकाकांनी चेक हातात घेतला. “चष्मा सापडत नाहीये माझा,” ते म्हणाले.

“डोळ्यांवर आहे तुमच्या. आमच्याच दुकानातला आहे.”

“हो का.” त्यांनी चष्मा चाचपला. आतल्या खोलीत काकूंची भांडी एकदम गप्प झाली. “पण एक आहे,” तळटीपकाका म्हणाले.

खजिनदारांनी सवयीने चहासाठी आतल्या दाराकडे पाहिलं. चहा आला नाही.

“मी यावर सही करणार नाही.”

“का हो?”

“हे एक हजार घेतले की तिचे तीस हजार जातात.”

“तुम्हाला हिशेबात गती नाही, तळटीप.”

“एवढ्याला गती लागत नाही. तुम्हाला कळतंय, मलाही कळतंय. अध्यक्षांना तर सगळ्यांत आधी कळलं.”

खजिनदारांचा चेहरा, एखाद्या खुर्चीने अचानक बोलावं, असा झाला. “अहो, हजार तर हजार. नाहीपेक्षा बरं की नाही? गरीब पोरगी आहे.”

“गरीब आहे म्हणूनच तिला तुमचे हजार परवडत नाहीत.”

हे वाक्य बूट काढायच्या आधी सुचलं, याचं तळटीपकाकांना स्वतःलाच नवल वाटलं. त्या नवलाने धीर येऊन त्यांनी चेक परत केला, घडी न घालता.

“अध्यक्षांना काय सांगू?”

“दुसरा कार्यवाह बघा म्हणावं.”

“बघतीलच. उद्या सकाळी बैठक लावतील आणि काढतील तुम्हाला. इतक्या वर्षांचा संबंध, आणि एका शेळ्या-मेंढ्यांच्या पोरीपायी...”

“उद्या काढू द्या. आज मी आहे.”

खजिनदार जिना उतरून गेले. तळटीपकाकांनी दार लावून घेतलं. आपण फार तर दोन पावलं पुढे सरलो आणि त्याचं कौतुक करून घ्यायला लागलो, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

“अहो, टपालाची खिडकी पाचला बंद होते,” काकू म्हणाल्या.

त्यांनी बँकेचं पाकीट बंद केलं. मग दुसरा कागद घेतला आणि मुलीला लिहिलं. इथे मसुदे करायला वेळ नव्हता. ‘तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. द्यायला हवं होतं तेव्हा मी ‘देऊ का’ असं इतरांना विचारत बसलो. बँकेला आज लिहिलं आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. समितीतून कुणी फोन करून फोटोला बोलावलं आणि हजाराचा चेक देऊ केला, तर घेऊ नकोस, म्हणजे या पत्रातलं खरं राहील.’ खाली ‘आपला नम्र’ लिहिलं, ते खोडलं, आणि नुसतं नाव लिहिलं, पेन्शनच्या कागदावरचं.

टपालघरात त्यांच्यापुढे एक बाई पार्सलाला दोरी बांधत उभ्या होत्या. कुणीतरी मागून येऊन आपल्याला थांबवील, असं तळटीपकाकांना सारखं वाटत होतं. ते दोनदा मागे वळले. मागे एक म्हातारा होता, तोही रांगेतच होता.

खिडकीतल्या कारकुनाने दोन्ही पाकिटं उलटसुलट करून पाहिली. “साधं की रजिस्टर?”

“दोन्ही रजिस्टर.”

“पोचपावती?”

“हवी.”

“एक तर इथल्याच बँकेचं आहे. दोन रस्ते पलीकडे. चालत नेऊन दिलंत तर खर्च वाचेल.”

“टपालानेच जायला पाहिजे,” तळटीपकाका म्हणाले.

कारकुनाने खांदे उडवले, तिकिटं चिकटवली, दोन्हींवर शिक्का आपटला आणि मागे न बघता पाकिटं पाठीमागच्या पोत्यात टाकली.